याला दारूबंदी म्हणायचे?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात अमेरिकन विद्यापीठांतील फ्रॅटर्निटींवरील, म्हणजे एकत्र घर करून राहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या (मुलग्यांच्या) संघटनांवरील, लेखाला आपण 'दारूबंदी' असा ठसठशीत मथळा दिला आहे; लेख दोनदा वाचूनही ती बंदी मला सापडली नाही. फ्रॅटर्निटींच्या शिखर संघटनेने २०१८ साली ठराव केला तो १५ टक्क्यांहून अधिक अल्कोहोल असलेल्या मद्यापुरता, आणि तेही परवानाधारक विक्रेत्याने येऊन दिले तर चालते. बिअरला कोणी बोटही लावलेले नाही.

मुलींच्या अशाच संघटनांच्या, म्हणजे सोरॉरिटींच्या, घरांत मात्र बहुतेक ठिकाणी वर्षानुवर्षे थेंबही चालत नाही, हे मी अनुभवाने सांगते. मुलीच्या विद्यापीठात पालकांच्या भेटीसाठी गेलो असता तिच्या सोरॉरिटीच्या घराच्या व्यवस्थापिकाबाईंनी ह्यांच्या पिशवीतील द्राक्षासवाची बाटली उचलली, लेबलावरील 'स्वयंजनित अल्कोहोल' हे शब्द चष्मा वर करून वाचले आणि अत्यंत अदबीने ती गाडीत ठेवून यायला सांगितले. जेवणानंतर दोन चमचे घेण्यासाठी ह्यांना तीन दिवस डिकी उघडावी लागली. त्याच वेळी समोरच्या फ्रॅटर्निटीच्या हिरवळीवर बिअरची पिंपे आणि लाल प्लास्टिकच्या पेल्यांचा खच पडलेला होता. मुलींना पार्टी करायची तर रस्ता ओलांडून तेथेच जायचे, म्हणजे यजमान मुलगे, पेला भरणारेही मुलगेच! या व्यवस्थेबद्दल आपल्या लेखकमहाशयांना एक ओळ लिहावीशी वाटू नये, याचे नवल वाटते.

आणि टक्के मोजून काय साधणार? पेन्सिल्वेनिया स्टेट विद्यापीठात फेब्रुवारी २०१७ मध्ये जो १९ वर्षांचा मुलगा दारू पाजल्यावर फ्रॅटर्निटीच्या तळघराच्या जिन्यावरून पडला आणि पुढे दगावला, ते घर कागदोपत्री दारूमुक्तच होते. घरात कॅमेरेही होते. रुग्णवाहिकेसाठी फोन गेला तो सुमारे बारा तासांनी, आणि घर तर मुलांनी भरलेले होते.

जाता जाता आणखी एक. 'सोरॉरिटी'साठी आपण 'भगिनी मंडळ' हा प्रतिशब्द वापरला आहे. मी स्वतः बावीस वर्षे भगिनी मंडळाची सभासद आहे. आमच्याकडे कोजागरीला मसाला दूध असते, आणि ते समोरच्या इमारतीतले पुरुष आमच्या परवानगीने पितात.

आपली नम्र,
एक वाचक, ठाणे