'एकही सभा चुकवली नाही' हे खरे नाही

महोदय,

'कॅन्सरशी झुंज, तरी एकही सभा चुकवली नाही' या मथळ्याखाली आपण माझ्यावर छापलेला लेख वाचला. आपुलकीने लिहिला आहे. फोटोही बरा आला आहे (डोक्याचा रुमाल कसा दिसेल याची मला धास्ती होती). पण मथळ्याचा दुसरा अर्धा भाग खरा नाही.

उपचार सुरू असताना आमच्या परिचारिका संघटनेच्या कार्यकारिणीच्या 7 सभा झाल्या. त्यांतल्या 3 सभांना मी होते. उरलेल्या 4 उपाध्यक्षांनी चालवल्या, इतिवृत्तात तशी नोंद आहे. आपल्या वार्ताहरांनी ते मागितले नाही. आणि समोर बसून कौतुक ऐकताना मीही त्यांना मध्येच थांबवले नाही, हेही कबूल करते.

एवढ्याशा चुकीसाठी पत्र कशाला, असे आपल्याला वाटेल. लेख आल्यावर पाचव्या दिवशी आमच्या एका सदस्य परिचारिकेचा फोन आला. तिला स्तनाच्या कॅन्सरसाठी केमो सुरू आहे. रजा वाढवून मागायला गेली, तर वरिष्ठांनी टेबलावरचे आपल्या लेखाचे कात्रण तिच्यापुढे सरकवले. "तुमच्या अध्यक्षा केमो घेऊन अख्खी संघटना चालवतात, तुम्हाला एक ड्युटी झेपत नाही?" गंमत म्हणजे ती माझ्यावर रागावली नव्हती. "मॅडम, तुम्ही हे कसं जमवता ते मला सांगा," एवढेच तिचे म्हणणे होते.

मी जमवत नाही. फोनवर हे नीट सांगता आले नाही, म्हणून इथे सांगते.

मला लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) आहे, भराभर वाढणाऱ्या प्रकारचा. उपचार दर 21 दिवसांनी, असे 6 वेळा. पहिले पाच दिवस सलाइनच्या जोडीला प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या गोळ्या, मोठ्या डोसमध्ये. या गोळ्या झोप पळवतात आणि रात्री अडीच वाजता आपण जग बदलू शकतो असे वाटायला लावतात. सहाव्या दिवशी गोळ्या बंद झाल्या की पाय गळून जातात. दुसऱ्या आठवड्यात रक्तातल्या, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी खाली येतात, गर्दी वर्ज्य, आणि 38 अंशांवर ताप दिसला तर रात्र असो वा दिवस, तडक हॉस्पिटल. तीस वर्षे मी हेच वाक्य पेशंटच्या नातेवाइकांना पाठ म्हणून दाखवत आले. आता उशीखाली थर्मामीटर ठेवून झोपते. तिसऱ्या आठवड्यात माणसात येते. आपले वार्ताहर मला भेटले ते या तिसऱ्या आठवड्यात. वेळ मीच तशी दिली होती.

पहिल्या पाच दिवसांतल्या 'उत्साहा'बद्दलही सांगायला हवे, कारण लेखात त्याला 'अदम्य ऊर्जा' म्हटले आहे. दुसऱ्या केमोच्या तिसऱ्या रात्री मी बेमुदत कामबंदच्या नोटिशीचा मसुदा लिहून काढला. चार पाने. सकाळी सगळीकडे पाठवा म्हणून सरचिटणीसांना धाडला. त्यांनी तो दाबून ठेवला आणि आठव्या दिवशी माझ्या हातात दिला. वाचून मलाच घाम फुटला. कार्यकारिणीचा ठराव नाही, सदस्यांना विचारलेले नाही, आणि आयसीयूतल्या ड्युटीचे काय करायचे याचा एक शब्द नाही. तेव्हापासून नियम केला की पहिल्या पाच दिवसांत मी लिहिलेले कोणतेही पत्र सरचिटणीसांच्या सहीशिवाय बाहेर जायचे नाही. ही ऊर्जा माझी नव्हती, गोळीची होती. शहाणपण सरचिटणीसांचे होते, आणि त्यांचे नावसुद्धा लेखात नाही.

आणखी एक गोष्ट लेखात नाही, कारण ती मी सांगितली नाही. बायोप्सीचा रिपोर्ट आल्यावर तीन आठवडे मी कोणालाच काही बोलले नाही. 'घरगुती अडचण' म्हणून सभा पुढे ढकलत राहिले. त्याच दिवसांत रात्रपाळीतल्या मनुष्यबळावर आमचे म्हणणे मागवणारे पत्र माझ्या सहीसाठी पडून होते. मुदत टळून गेली. नुकसान सदस्यांचे झाले आणि ते माझ्यामुळे झाले.

आमच्या संघटनेच्या घटनेत अध्यक्षांचा मृत्यू, राजीनामा आणि अविश्वास ठराव, तिन्हींची तरतूद होती. आजारपणाची नव्हती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या आजारपणाच्या नोंदी ठेवणाऱ्या आम्ही, अध्यक्ष आजारी पडू शकते हे आम्हाला सुचले नव्हते! चेकवर माझी सही सक्तीची. केमोतल्या व्हिन्क्रिस्टिन या औषधाने माझी बोटे बधिर झाली, सही वेगळी येऊ लागली आणि बँकेने चेक परत केला. तेव्हा कुठे विशेष सभा बोलावून दुरुस्ती केली: अध्यक्षांना कारण न सांगता, लेखी, जास्तीत जास्त सहा महिन्यांसाठी उपाध्यक्षांकडे सर्वाधिकार सोपवता येतील. पण अध्यक्षांना काम होत नाही आणि ते त्यांना कळतही नाही, अशी वेळ आली तर ठरवायचे कोणी? यावर दोन तास वाद झाला. अजून मिटलेला नाही.

लेखाच्या शेवटी आपण फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा दाखला दिला आहे. आजारी असूनही त्या थांबल्या नाहीत, हे खरेच आहे. क्रायमियात 1855 मध्ये त्या तापाने आजारी पडल्या, आणि 1857 नंतर कित्येक वर्षे त्यांनी बरेचसे काम अंथरुणातून केले. पण त्याच काळात, ज्या सिडनी हर्बर्ट यांच्यामार्फत त्या सैन्याच्या आरोग्यव्यवस्थेतल्या सुधारणा रेटत होत्या, ते ब्रिटनचे युद्धमंत्री मूत्रपिंडाच्या विकाराने खंगत चालले होते. काम सोडू नका, म्हणून नाइटिंगेलबाईंनी त्यांच्यामागे तगादा लावला. ऑगस्ट 1861 मध्ये हर्बर्ट गेले, वयाच्या पन्नाशीत. स्वतः अंथरुणाला खिळलेली बाई दुसऱ्या आजारी माणसाला सूट द्यायला तयार नव्हती. 12 मेच्या, म्हणजे परिचारिका दिनाच्या भाषणांत ही गोष्ट मी कधी ऐकली नाही, सांगितलीही नाही. पण त्या वरिष्ठांच्या टेबलावर आपल्या कात्रणाने माझ्या नावाने तेच केले.

तेव्हा कृपया दुरुस्ती छापावी: 'अध्यक्षा 7 पैकी 4 सभांना गैरहजर होत्या, त्या सभा उपाध्यक्षांनी चालवल्या.' शक्यतो त्याच पानावर आणि तेवढ्याच मोठ्या टायपात. मी ती कापून त्या परिचारिकेला पाठवणार आहे. कोणत्या टेबलावर सरकवायची ते तिला ठाऊक आहे.

आपली,
परिचारिका संघटनेची अध्यक्षा
(नाव एकदा छापून झाले आहे, पुन्हा नको.)