आवाहन : वेलावर जून होऊ देऊ नका, ओट्यावर आणा

समस्त गावकरी बंधू-भगिनींनो, मायमाउल्यांनो, जय गुरुदेव.

पोळा झाला, महालक्ष्म्या तोंडावर आल्या. घरोघरी सोळा भाज्यांची जुळवाजुळव सुरू झाली आहे. वाडीतल्या मांडवावर दोडके, कारली, दुधी इतके लागले आहेत की तोडायला माणूस पुरत नाही. आणि नेमक्या याच दिवसांत समाजमंदिरातला आपला भाजीचा ओटा, जिथे घरची जास्तीची भाजी ठेवायची आणि ज्याला लागेल त्याने न्यायची, तो रिकामा पडतो आहे. गेल्या गुरुवारी आले काय, तर दोन कोहळी, पसाभर मिरच्या आणि एका पिशवीत बोट मोडले तरी मोडणार नाहीत अशा भेंड्या. एकट्या म्हाताऱ्यांना डबा जातो ती घरे वीस-बावीस. बायांनी कोहळ्याच्या फोडी बारीक करून, वर बेसन लावून दिवस साजरा केला. म्हणून हे पत्र तातडीने काढत आहोत.

भादव्याचे दिवस कसे असतात हे आपल्या गावाला सांगायला नको. निंदण आटोपते, सोयाबीन अजून उभे असते, कापूस वेचायला दसरा-दिवाळी उजाडते. मजुरी थांबते आणि हातात पैसा नसतो. पावसाने बाजारात येणारा माल सडका आणि वर महाग. रेशन आहे, नाही म्हणत नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी ५ किलो आणि अंत्योदय कार्डाला ३५ किलो धान्य मिळते. पण त्यात गहू-तांदूळ येतो, भाजी येत नाही. नुसता भात मिठासोबत गिळणारी म्हातारी माणसे आपल्याच गावात आहेत. कोणाच्या घरी, ते इथे लिहिणार नाही. ज्यांना माहीत असायला हवे त्यांना माहीत आहे.

ओटा कसा सुरू झाला हे नव्या सुनांना आणि लहान पोरांना ठाऊक नसेल, म्हणून थोडे सविस्तर. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आठवडी बाजार बंद पडला. वांगी झाडावरच पिवळी व्हायला लागली, टमाटर ढोरांपुढे गेले. त्या वेळी नदीकाठच्या वाडीवाल्या मामांनी बंडी भरून वांगी समाजमंदिरापुढे उतरवली, “ज्याले लागन त्यानं न्या” एवढेच म्हणाले आणि बैल वळवले. पावती नाही, फोटो नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्यांनी बरबटी आणली, तिसऱ्या दिवशी कोणी पालक. आठवडाभरात ओटा अपुरा पडला. लॉकडाऊन उठले, ओटा मात्र राहिला, आणि पुढे त्यालाच जोडून एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांचे डबे सुरू झाले. भुकेल्यांना अन्न द्या म्हणणारे गाडगेबाबा याच वऱ्हाडच्या मातीतले. दर २० डिसेंबरला आपण त्यांची पुण्यतिथी झाडू हातात घेऊन करतो. ओटा हे त्याच कामाचे बारमाही रूप आहे, अशी मंडळाची भावना आहे.

खालच्या आळीतल्या मोठीआईंचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. डोळ्याला धड दिसत नाही, तरी हंगामात त्यांची अंबाडी चुकत नाही. आणि ती जुडी नसते, खुडलेला पाला असतो. अंबाडीच्या देठाला बारीक काटे असतात, डबा करणाऱ्या बायांच्या बोटांत ते जाऊ नयेत म्हणून त्या आधीच बसून पाला वेगळा करतात आणि ओल्या फडक्यात बांधून आणतात. “तुमाले घाई असते, मी बसल्या बसल्या खुडून आनतो,” असे त्यांचे म्हणणे. त्या पाल्यात गवताची काडी सापडत नाही. डोळे शाबूत असलेल्या आम्हा सगळ्यांना हे जमत नाही.

गुरुजींनी सेवानिवृत्तीनंतर वहीचे काम अंगावर घेतले. कोणाच्या घरून काय आले, किती भरले, सगळे त्यांच्या वळणदार अक्षरात आहे. कोणालाही येऊन पाहता येईल. बचत गटाच्या ताई पाळीपाळीने स्वयंपाक करतात, स्वतःच्या घरचे तेल-तिखटही किती वेळा आणतात, त्याची नोंद वहीत नाही कारण त्या करू देत नाहीत. मंदिरामागच्या परसबागेला ज्यांच्या बोअरचे पाणी मिळते ते काका यंदा आपल्यात नाहीत. मुलाने पाणी तसेच चालू ठेवले, वर पाइपही नवा टाकून दिला. शाळेच्या पोरांनी त्याच पाण्यावर मेथीचे वाफे केले होते. पुण्या-नागपुरात नोकरीला असलेल्या आपल्या मुलांनी वजनकाटा आणि प्लास्टिकचे क्रेट घेऊन दिले. या सर्वांचे ऋण फिटणारे नाही.

आता थोडे मनातले. गावात दानत नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. गणपतीच्या वर्गणीला, भंडाऱ्याला गव्हाची पोती न मागता येतात. पण भाजीचा विषय निघाला की ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस पडतो आणि सकाळी ओट्यावर टोपल्या बोटावर मोजण्याइतक्या. काही मंडळी तर “फुकटची सवय लागते लोकांना” असे चावडीवर बोलतात. दोन्ही पोरे शहरात गेलेल्या, गुडघे धरलेल्या माणसाला दोडक्याच्या भाजीची सवय लागली तर बिघडले काय? लागलीच तर बरेच होईल. पैसे पाठवू का, असेही विचारतात. तेल-मिठापुरते अवश्य द्या, पण पैशाने विकत आणायची असती तर ओटा कशाला मांडला असता? वाडीत जी जून होऊन वाळणार आहे, तीच कोवळी असताना मागतो आहोत.

किती लागते, असाही प्रश्न येतो. शाळेच्या पोषण आहारात पाचवीपर्यंतच्या मुलाला ५० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला ७५ ग्रॅम भाजीचा नियम आहे. ५० ग्रॅमच्या हिशेबाने चार किलोचे एक कोहळे ऐंशी ताटांना पुरते. तेव्हा “आमचं थोडंसंच आहे” म्हणून लाजू नका. दोन दोडके, मूठभर सांभार (कोथिंबीर), चार लिंबे, कढीपत्त्याची फांदी, सगळे चालते.

एकच गोष्ट चालत नाही. कपाशीच्या धुऱ्यावरची (बांधावरची) किंवा तासातली (ओळीतली), फवारणी बसलेली भाजी कृपा करून आणू नका. औषधाच्या डब्यावर जितके दिवस लिहिले आहेत तितके उलटल्याशिवाय तर नाहीच. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे गेली, ती आठवण ताजी आहे. शंका असेल तर घरच्या मांडवावरचेच द्या. आणि गाईपुढे टाकायची ती भाजी गाईपुढेच टाकावी.

भाजी सोमवारी व गुरुवारी सकाळी सात ते नऊ, समाजमंदिराच्या ओट्यावर. पालेभाजी धुऊन आणू नये, मुळासकट ओल्या पोत्यात गुंडाळून आणावी. कोहळे, दुधी देठासह तोडावे, देठ राहिला तर कोहळे बरेच दिवस टिकते. वांगी किडकी नाहीत ना, हे पाहून घ्यावे. वहीत नाव नको असेल तर तसे गुरुजींना सांगावे. ज्यांना येणे होत नाही त्यांनी आदल्या रात्री निरोप द्यावा, पोरे सायकलने येतील. ज्यांना भाजी हवी त्यांनी नऊनंतर केव्हाही न विचारता न्यावी, ओट्यापाशी कोणी थांबून पाहणार नाही. डबे पोचवायला वरच्या वस्तीसाठी दोन जण कमी आहेत. महालक्ष्म्यांच्या जेवणासाठी आणलेल्या सोळातली एक भाजी प्रत्येक घराने कच्चीच बाजूला काढून जेवणाच्या आदल्या सकाळी द्यावी, ही विशेष विनंती. त्या सकाळी वार कोणताही असला तरी ओटा उघडा राहील. हिवाळ्यासाठी मेथी, पालक, सांभाराचे घरचे बी ज्यांच्याकडे जास्तीचे असेल त्यांनी चिमूटभर तरी पुडीत बांधून आणावे, नावासह, म्हणजे गेल्या वेळसारखा मेथीच्या वाफ्यात मुळा उगवणार नाही.

आपला नम्र,
सचिव (मंडळाकरिता)

ता.क. भंडाऱ्याच्या वेळी नेलेल्या मंडळाच्या वेताच्या टोपल्या अजून काही घरी आहेत. त्या परत आणाव्यात. भरून आणल्या तर उत्तम.