त्या चिखल्याचा पंख मोडलेला नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत पहिल्याच पानावर छापलेला चिखल्याचा, म्हणजे किनाऱ्यावरच्या त्या छोट्या पक्ष्याचा, फोटो पाहिला. खाली ओळ होती : 'पंख मोडलेल्या पक्ष्याची जगण्याची धडपड'. काल दिवसभर ती ओळ डोक्यातून गेली नाही, म्हणून हे पत्र. तो पक्षी जखमी नाही. तो केंटिश चिखल्या आहे आणि त्याची अंडी किंवा पिल्लं फोटो काढणाऱ्याच्या पायाशीच कुठेतरी असणार.

फोटो पुन्हा एकदा नीट पाहा. एक पंख वाळूवर पसरलेला, शेपटी पूर्ण फाकलेली, आणि मान वळवून पक्षी थेट कॅमेऱ्याकडे बघतोय. पंखाचं एक पीससुद्धा विस्कटलेलं नाही. घरट्याजवळ कोणी आलं की चिखल्या असं लंगडण्याचं सोंग घेतो. आयतं सावज समजून कुत्रा त्याच्या मागे लागतो, माणूसही लागतो. पुरेसं लांब नेलं की पक्षी भुर्रकन उडून जातो. म्हणजे ही 'धडपड' फोटो काढणारा तिथे उभा होता म्हणूनच चालली होती, आणि आपण 'अचूक क्षण टिपला' म्हणून त्याची पाठ थोपटलीत.

मी इतका चिडलोय त्याला कारण आहे. किनाऱ्यावरच्या पक्ष्यांचे फोटो मी हौसेने काढतो, कोणाकडे शिकलेलो नाही. मागे एका उन्हाळ्यात भरतीच्या रेषेच्या वर, सुक्या शेवाळाच्या कडेला एक चिखल्याची मादी बसलेली दिसली. घरटं म्हणजे वाळूतला उथळ खळगा आणि त्यात वाळूच्याच रंगाची ठिपकेदार तीन अंडी. दोन पावलांवरूनही दिसत नाहीत. ती मधूनच पाण्याकडे धावायची, पोट भिजवून यायची आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसायची. कडक उन्हात अंडी थंड ठेवायची तिची ती रीत. मी लांबूनच दुर्बिणीतून बघत होतो, कॅमेरा पिशवीतून काढलाही नव्हता. तेवढ्यात मोठी लेन्स घेतलेले एक गृहस्थ आले. मादी उठली आणि तिने लंगडायला सुरुवात केली. ते तिच्या मागे. ती परत घरट्याकडे वळली की ते पुन्हा मागे. मी जवळ जाऊन सांगितलं, इथे अंडी आहेत, जरा बाजूला व्हा. उत्तर आलं, "दोनच मिनिटं, काय भारी पोज देतेय!" ती दोन मिनिटं संपेचनात. अंडी उघड्यावर, वाळू चटके देणारी. शेवटी कावळा उतरला आणि एक अंडं घेऊन गेला. त्या गृहस्थांना ते दिसलंही नाही, त्यांचा डोळा व्ह्यूफाइंडरला होता.

आता आपल्या पुरवणीतला फोटो बघून पुढच्या रविवारी किती जण अशीच पोज शोधत वाळू तुडवतील?

त्याच पानावरच्या 'नवशिक्यांसाठी' या चौकटीबद्दलही लिहायलाच हवं. 'थव्याच्या दिशेने झपाझप चालत जा, पक्षी उडाले की शटर दाबा' असा सल्ला त्यात चक्क छापला आहे. भरतीच्या वेळी हे पक्षी कोरड्या पट्ट्यावर दाटीने उभे असतात ते विश्रांतीसाठी. ज्या चिखलात ते खाणं शोधतात तो तेव्हा पाण्याखाली असतो. स्थलांतराच्या पुढच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी ते प्रत्येक उड्डाणात उगाच जाळतात. 2022 मध्ये बार-टेल्ड गॉडविट या किनाऱ्यावरच्याच पक्ष्याचं जेमतेम पाच महिन्यांचं पिल्लू अलास्काहून टास्मानियाला 11 दिवसांत, सुमारे 13,560 किलोमीटर, कुठेही न उतरता गेलं. अशा पक्ष्यांना आपण फोटोसाठी हुसकायचं?

आणि 600 मिलिमीटरच्या, म्हणजे लांबचं जवळ आणणाऱ्या मोठ्या लेन्सशिवाय या वाटेला जाऊ नये, असं म्हणतात तेही खरं नाही. भरतीचं वेळापत्रक बघा. पाणी चढायला लागण्याआधी जाऊन ओल्या वाळूवर पालथे पडा, कॅमेरा वाळूच्या पिशवीवर टेकवा आणि हलू नका. पाणी चढेल तसे पक्षी स्वतःच वर सरकत येतात. सँडरलिंग हे चिमुकले पक्षी तर ओसरणाऱ्या लाटेमागे धावता धावता इतके जवळ येतात की साध्या लेन्सलाही फोकस जमत नाही. शटर 1/2000 सेकंदावर ठेवा, नाहीतर त्यांचे पाय नुसते धूसर येतात. पोट पांढरंशुभ्र असतं, तेव्हा एक्सपोजर थोडं कमी ठेवा. पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीवरून आणि त्याच्या मर्जीने काढलेला फोटो असा मिळतो, आणि त्यासाठी एकाही पक्ष्याला उडावं लागत नाही.

माझं मागणं साधं आहे. येत्या रविवारी त्याच पानावर खुलासा छापा, चौकटीतला सल्ला मागे घ्या, आणि यापुढे वीण काळातले घरट्याजवळचे फोटो स्वीकारू नका. ऑनलाइन आवृत्तीत तो फोटो आज सकाळीही त्याच ओळीसह होता. ती ओळ बदलायला रविवारची वाट पाहण्याची गरज नाही.

आपला,
एक नियमित वाचक