कष्टकरी बायांसाठी चर्चने आपलं घड्याळ बदलावं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जगभरच्या ख्रिस्ती स्त्रिया जागतिक प्रार्थना दिन पाळतात. 1927 पासून तो जगभर होतो. दरवर्षी कुठल्या तरी एका देशातल्या स्त्रिया त्या दिवसाची उपासना लिहून देतात आणि तीच ठिकठिकाणी आपापल्या भाषेत चालवली जाते. 2026 मध्ये 6 मार्चला नायजेरियाच्या स्त्रियांनी लिहिलेली उपासना होती. विषय बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायातला, कष्टी व भाराक्रांत जनांना प्रभू विसाव्यासाठी बोलावतो तो. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या आमच्या खेड्यात ही उपासना सकाळी अकराला ठेवली होती. शुक्रवार म्हणजे कामाचा वार, त्यात गव्हाची सोंगणी आणि कांद्याची काढणी तोंडावर. आमच्या मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चच्या सभासदांतल्या, ज्या बाया खरोखर डोक्यावर ओझी वाहतात, त्या सगळ्या तेव्हा रानात होत्या. चर्चमध्ये बसलो होतो आम्ही, निवृत्त शिक्षिका, घरी सुना असलेल्या आणि शहरातून आलेल्या पाहुण्या. उपासना मनापासून झाली, पण जिच्यासाठी हे वचन वाचलं तीच तिथे नव्हती, हे मला फार लागलं.

ग्रामीण भागातल्या चर्चच्या महिला मंडळांबद्दल माझं एकच म्हणणं आहे. कष्टकरी बाईमध्ये सेवा करायची तर तिच्या कामाची वेळ आणि जागा धरून करावी लागेल. आपल्या सवडीने सभा लावायची आणि नंतर “बाया येतच नाहीत, त्यांना आत्मिक गोष्टींची आवड नाही” असं म्हणायचं, हा अन्याय आहे. रोजंदारीवर जाणारी बाई पहाटे उठून पाणी भरते, भाकऱ्या थापते, पोरांचं आवरते, आठ-नऊला रानात पोहोचते. संध्याकाळी येताना सरपण किंवा शेरडाला चारा घेऊन येते आणि पुन्हा चुलीपुढे बसते. अकराच्या सभेला यायचं तर तिचा त्या दिवसाचा रोज बुडतो. कांदा लागवडीसारखं काम उक्तं घेतलं असेल, तर तिच्या एकटीच्या खाड्याने अख्ख्या टोळीचं काम मागे पडतं, म्हणून बाकीच्या बायाही तिला सोडत नाहीत.

बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात, सोळाव्या अध्यायात, प्रेषित पौल फिलिप्पै नावाच्या गावी जातो. शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या, दिवशी तो वेशीबाहेर नदीकाठी गेला, बाया तिथे जमत म्हणून. तिथेच बसून तो त्यांच्याशी बोलला, आणि जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी लुदिया तिथेच विश्वासात आली. त्या गावातली मंडळी तिच्या घरातून उभी राहिली. बाया जिथे आहेत तिथे जायचं, हे आपल्याला प्रेषितानेच घालून दिलेलं आहे. मग आम्ही नळावर, खळ्यावर, बांधावर का जात नाही?

आमच्या शेजारच्या वस्तीवर काही बाया आता रात्री जेवणं आटोपल्यावर एका ओट्यावर जमतात. सतरंजी, एक बल्ब, टाळ, एवढाच सरंजाम. मी तिथे जाते. पहिलं भजन संपेस्तोवर दोघी-तिघींच्या माना कललेल्या असतात. कांद्याच्या पातीने हिरवी-काळी झालेली बोटं, टाचांना भेगा, मांडीवर झोपलेलं लेकरू. सुरुवातीला पाळकीणबाई, म्हणजे आमच्या पाळकांच्या पत्नी, त्यांना हलवून जागं करायच्या, हल्ली करत नाहीत. एकदा एक आजी म्हणाल्या, “झोपू द्या तिला, दिवसभरात पहिल्यांदा बूड टेकलंय.” माझ्या मते त्या झोपलेल्या बाईचीही उपासनाच चालू असते. तिथे संदेश दहा मिनिटांत संपतो आणि मग बोलणं सुरू होतं. कोणाची मजुरी अडकली, कोणाच्या पाठीत कळ येते, कोणाच्या मुलीचं शिक्षण दहावीनंतर बंद करायचं घाटतंय. प्रार्थनाही त्याच गोष्टींसाठी होते आणि दुसऱ्या दिवशी त्यातल्या एखादीबरोबर कोणीतरी दवाखान्यात किंवा शाळेत जातं. सेवाकार्याचं यापेक्षा चांगलं रूप मी पाहिलेलं नाही.

अशा बायांपुढे काय बोलावं, याचाही विचार व्हायला हवा. महिला मेळाव्यांत मार्था आणि मरीया या बहिणींचा उतारा (प्रभू घरी आला तेव्हा मार्था कामात गुंतली आणि मरीया त्याच्या चरणाशी बसली, तो) हटकून निघतो आणि बहुतेक वेळा मार्थेला झोडपण्यासाठीच निघतो. एका मेळाव्यात पाहुण्या वक्त्या मजूर बायांना सांगत होत्या की मार्थेसारखी धावपळ सोडा आणि प्रभूच्या चरणाशी बसा. समोरच्या बायांनी माना खाली घातल्या. धावपळ सोडली तर त्या दिवशी चूल कशावर पेटायची, हे बाईंच्या मनातही आलं नसावं. प्रभूने मार्थेला प्रेमाने समजावलं, तिच्या कामाचा धिक्कार केला नाही. आणि योहानाच्या अकराव्या अध्यायात, भाऊ मेल्याच्या दुःखात, “तू ख्रिस्त, देवाचा पुत्र आहेस” ही कबुली देते ती हीच राबणारी मार्था. तिचा हा विश्वास कष्टकरी बायांना कोणीतरी सांगायला हवा. रोमकरांस पत्राच्या शेवटी पौल कितीतरी बायांना सलाम सांगतो आणि त्रुफैना, त्रुफोसा, पर्सीस यांची ओळख प्रभूमध्ये श्रम करणाऱ्या म्हणूनच करून देतो. पण मेळाव्यांतून ही नावं कानावर पडत नाहीत.

रूथचं पुस्तक तर रानातल्या बायांनी रानातच वाचावं असं आहे. विधवा, परक्या मुलखातली, सरवा वेचून सासूला जगवणारी बाई. शेताचा मालक बवाज तिला दोन गोष्टींची हमी देतो. गड्यांनी तिच्या अंगाला हात लावायचा नाही, आणि तहान लागली की गड्यांनी भरून ठेवलेल्या भांड्यांतलं पाणी तिने प्यायचं. आज किती रानांत बाईला या दोन गोष्टी मिळतात? ज्यांच्या शेतात दहा-पंधरा बाया खुरपायला येतात असे बागाईतदार आमच्या मंडळीतही आहेत. पिण्याचं स्वच्छ पाणी, आडोसा आणि संध्याकाळच्या संध्याकाळी मजुरी, एवढं त्यांनी पाळलं तरी मोठी सेवा होईल. शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी देवाच्या कानी ओरडते असं याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात स्पष्ट लिहिलंय. हा अध्याय व्यासपीठावरून वर्षातून एकदा तरी वाचला जावा.

आमच्या भागात दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या येतात, बऱ्याचशा बीडकडच्या. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी, त्यावर मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ दिलेली रक्कम. बाई पहाटे अंधारात उठते, ऊस तोडते, मोळ्या बांधते आणि त्या डोक्यावरून गाडीत चढवते. खाडा झाला की पैसे कापले जातात, मग पाळी असो की ताप. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला आणि सरकारला समिती नेमावी लागली. या बाया आमच्या चर्चपासून हाकेच्या अंतरावर कोप्या घालून राहतात. त्या आमच्या मंडळीच्या नाहीत, बहुतेक ख्रिस्तीही नाहीत. तरी त्यांच्या लेकरांना दुपारी सांभाळणं, बाळंतिणीला गरम पाणी आणि दोन घास पोचवणं, दवाखान्यात सोबत करणं हे महिला मंडळाचंच काम आहे. ते करताना धर्माची अट मनातसुद्धा नसावी. मदतीच्या बदल्यात प्रार्थनेला बोलावणं मला पटत नाही. ज्या बाईला नाही म्हणायची सोय नाही, तिच्याकडून हो वदवून घेऊ नये. प्रभूने सांगितलेल्या दाखल्यातल्या चांगल्या शोमरोन्याने जखमी माणसाला त्याचा धर्म विचारला नव्हता.

यातलं काहीच नवं नाही. अमेरिकन मिशनरी सिंथिया फरारबाई 1827 साली मुंबईत आल्या आणि पुढे अहमदनगरला त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. पंडिता रमाबाईंनी 1890 च्या दशकातल्या दुष्काळात वाऱ्यावर पडलेल्या बायका-मुली गोळा करून पुणे जिल्ह्यातल्या केडगावला, आपल्या मुक्ती मिशनमध्ये, आणल्या आणि त्यांच्या हाताला शेती, विणकाम, छपाई असं काम दिलं. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून त्यांनी बायबलचं मराठी भाषांतर केलं ते साध्या बायांना समजावं म्हणून. त्याच्या छपाईचे खिळे (अक्षरांचे ठसे) जुळवण्यापासून छपाईपर्यंतची कामं मुक्ती मिशनच्याच स्त्रियांनी केली. 1922 मध्ये रमाबाई गेल्या, पुस्तक 1924 मध्ये निघालं. केडगावच्या बायांना त्यांनी नुसतं वचन ऐकवलं नाही, ते छापण्याचं कसबही त्यांच्या हाती दिलं. यापुढे आमच्या वर्षातून एकदाच्या साडीवाटपाचं फारसं कौतुक मला वाटत नाही.

मिशनच्या काळात खेडोपाडी बायबल स्त्रिया होत्या. जोडीने वस्त्या-वस्त्यांवर जायच्या, भजन शिकवायच्या, बायांना अक्षरओळख करून द्यायच्या. मिशनकडून त्यांना पगार मिळायचा. आज हे काम करणाऱ्या सेविका बऱ्याच ठिकाणी फुकट राबतात, नाहीतर पाळकाची बायको म्हणून ते त्यांनी करावं असं गृहीत धरलं जातं. चर्चच्या कमिटीला रंगरंगोटीला, साउंड सिस्टीमला पैसे मिळतात. तेव्हा प्रत्येक मंडळीने अंदाजपत्रकात सेविकेच्या मानधनाची आणि प्रवासखर्चाची तरतूद करावी, आणि ती सेविका शक्यतो रोजंदारीवर गेलेल्या बायांतूनच निवडावी. तिला खुरपं कसं धरतात ते माहीत असतं, मुकादमाशी कसं बोलायचं तेही माहीत असतं. वाचनात कमी पडली तर आम्ही निवृत्त शिक्षिका आहोतच. आठवड्यातून दोन संध्याकाळी शिकवायला मी स्वतः तयार आहे आणि तसं आमच्या पाळकांना कळवलंही आहे.

आपली,
एक वाचक
अहिल्यानगर जिल्हा