स्पॅनिश शिकवावी ती मराठीतून

मा. संपादक,
स.न.वि.वि.

२८ ऑक्टोबर २०२४ रोजी भारत व स्पेन या दोन्ही देशांच्या पंतप्रधानांच्या हस्ते बडोद्यात सी-२९५ विमानांच्या कारखान्याचे उद्घाटन झाले आणि वायुदलासाठीच्या ५६ विमानांपैकी ४० येथे तयार होणार हे कळल्यावर माझ्यासारख्या पन्नाशी उलटलेल्यांनीही स्पॅनिश शिकायचे मनावर घेतले. मात्र ज्या वर्गाला मी गेलो, तेथे सारे इंग्रजीतून चालते आणि भर असतो तो क्रियापदांच्या तक्त्यांवर. तक्ते पाठ होतात. पण समोरच्याने नुसते 'कसे आहात' विचारले, तरी प्रौढ विद्यार्थ्याच्या तोंडून शब्द फुटत नाही, कारण त्याला चुकण्याचा संकोच लहान मुलापेक्षा कितीतरी अधिक असतो.

इंग्रजीच्या आडवाटेने गेल्यामुळे मराठी माणसाला मुळात अवगत असलेली गोष्टही अवघड होऊन बसते. 'मे गुस्ता एल ते' म्हणजे सरळ 'मला चहा आवडतो', आणि 'मे गुस्तान लोस मांगोस' म्हणजे 'मला आंबे आवडतात'. क्रियापद आवडणाऱ्या वस्तूच्या वचनाप्रमाणे बदलते, हे आपल्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही. 'मने चा भावे छे' म्हणणाऱ्या आपल्या गुजराती शेजाऱ्यांनाही नाही. 'मी' हा शब्द गाळून नुसत्या क्रियापदावर वाक्य पेलणे आपल्या अंगवळणी पडलेले आहे. स्पॅनिशमधला 'त' आपल्या 'त'सारखाच दंत्य आहे; इंग्रजीतून शिकवला की त्याचा उगाच 'ट' होतो.

खरी अडचण आहे ती 'सेर' आणि 'एस्तार' या दोन क्रियापदांत. दोन्हींसाठी आपण 'आहे' म्हणतो, परंतु 'एस आबुर्रिदो' म्हणजे तो माणूसच कंटाळवाणा, तर 'एस्ता आबुर्रिदो' म्हणजे तो सध्या कंटाळलेला. हा फरक तक्त्याने नव्हे, तर बोलता बोलता, चुकत आणि सुधारतच जिभेवर बसतो. वर्गाचा वेळ खर्चावा तो यावर.

सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये स्थापन केलेले मध्यवर्ती ग्रंथालय आजही सर्वांना खुले आहे. तेथे किंवा शहरातील एखाद्या मराठी संस्थेत नोकरदारांना सोयीचा, मराठी व गुजरातीतून चालणारा संध्याकाळचा संभाषणवर्ग सुरू करावा, आणि स्पेनमधून कामानिमित्त येथे येणाऱ्यांना अधूनमधून तेथे गप्पांसाठी बोलवावे, अशी संबंधितांना माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक वाचक, दांडिया बझार, बडोदा