घरच्या फोनचे नियम कोण तपासणार?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

इंदूरच्या रामबागेतील आमच्या घरी जुना तांब्याच्या तारेचा फोन जाऊन इंटरनेटवर चालणारा अडॅप्टर आला. पण लावून देणाऱ्याने त्यातील डायलिंगचे नियम परदेशी साच्याचेच ठेवले. परिणामी तातडीच्या मदतीचा ११२ फिरवल्यावर अडॅप्टर पुढच्या अंकाची वाट पाहत तब्बल दहा सेकंद गप्प बसतो, हे आईला चक्कर आली त्या रात्री कळले.

यंत्राचा दोष नाही; क्रमांक कुठे संपला हे त्याला नियमांतूनच कळते. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावावा लागतो. त्यामुळे शून्य, मग सहा ते नऊपैकी एक अंक आणि पुढे नऊ अंक, असे अकरा अंक होताच फोन लागला पाहिजे. सात अंकी स्थानिक क्रमांकाआधी इंदूरचा कोड ०७३१ जोडण्याची सोयही याच नियमांत करता येते, आणि ११२ पुढे ‘थांबू नकोस’ असा शून्य सेकंदांचा संकेत देता येतो. मी स्वतः हे केले, तेव्हा अडॅप्टरचा पासवर्ड मिळवण्यातच दोन दिवस गेले! (वीज गेली की अडॅप्टरही मुका होतो, हे वेगळेच.)

सेवा देणाऱ्यांनी हे नियम लावून, ग्राहकासमोर फोन करून दाखवावेत आणि त्यांची मराठी-हिंदी चिठ्ठी हाती द्यावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, इंदूर