अभ्यासवर्गाच्या सभासदांसाठी सूचना: योहान, अध्याय १३

सर्व सभासद बंधुभगिनींस सप्रेम नमस्कार.

येत्या रविवारी सकाळच्या उपासनेनंतर मंडळीच्या सभागृहात आपला मासिक अभ्यासवर्ग भरेल. विषय ‘प्रभू येशूची सेवा आणि आजची मुंबई’ हा असून योहानकृत शुभवर्तमानातील तेराव्या अध्यायाची पहिली सतरा वचने सर्वांनी घरी वाचून यावे, ही विनंती.

भोजनावरून उठून, कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुणाऱ्या प्रभूने गुलामाचे काम स्वतःकडे घेतले आणि पेत्राला त्याचा संकोच वाटला. तो संकोच आपल्यालाही वाटतो का, यावर मोकळेपणाने बोलावे. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली याच शहरात शारदा सदन सुरू केले, तेव्हा विधवांना निवारा व शिक्षण देणे हीच त्यांची सेवा होती. आज दोन-दोन तास लोकलने प्रवास करून थकून घरी येणारे आपण शेजारच्या इमारतीत एकट्या राहणाऱ्या वृद्धाची विचारपूस किती वेळा करतो? रोज सकाळी फोनवर वचन पाठवणे चांगलेच आहे, परंतु माझ्या मते ज्याला ते पाठवले त्याच्या दारी जाणे अधिक आवश्यक आहे.

म्हणून प्रत्येकाने आपल्या वस्तीतील अशा एका व्यक्तीची गरज (नाव न सांगता) कागदावर लिहून आणावी. भेटींची वाटणी त्याच दिवशी करू. ज्येष्ठांना घरून आणण्याची व्यवस्था हवी असल्यास शुक्रवारपर्यंत सचिवांना कळवावे.

आपला नम्र,
संयोजक